‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ : संशोधक आणि विद्यापीठ-ग्रंथालय

१. नकारार्थी विधानाचा आधार

संशोधन-प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य बहुधा हमखास आढळते. ‘प्रस्तुत विषयाचा आजवर कोणीही स्वतंत्र अभ्यास केलेला नाही’ असे ते वाक्य असते. प्रबंधातील इतर विधानांना तळटीपांचा आधार असतो. या विधानाला मात्र सहसा एकही तळटीप नसते. वास्तविक सर्वांत अधिक आधाराची गरज याच विधानाला असते. एखादी गोष्ट आहे, हे सिद्ध करण्यास एक पुरावा पुरतो. ती नाही, हे म्हणावयाचे तर ती जेथे जेथे असू शकेल ती सर्व स्थाने पाहिली गेली पाहिजेत. आणि इतके करूनही एका अनपेक्षित ग्रंथाने ते विधान कोसळू शकते.

भाषेच्या अभ्यासात तर अशा नकारांवाचून पाऊल पुढे पडत नाही. अमुक शब्द अमुक शतकापूर्वी मिळत नाही, अमुक प्रत्ययाचा हा उपयोग जुन्या गद्यात दिसत नाही, अमुक बोलीचे वर्णन झालेले नाही, ही सर्व विधाने नकारार्थी आहेत, आणि कालनिर्णयापासून व्युत्पत्तीपर्यंतचे पुष्कळ निष्कर्ष त्यांच्यावर उभे असतात. ‘आढळले नाही’ हे शोधणाऱ्याविषयीचे विधान आहे. ‘नाही’ हे वस्तुस्थितीविषयीचे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा अधिकार कोणत्या शोधाने प्राप्त होतो, हा संशोधनपद्धतीतील एक मूलभूत प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मोठ्या प्रमाणात ग्रंथालयाच्या ज्ञानावर अवलंबून आहे.

पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाची जी ओळख करून दिली जाते, ती बहुधा ओळखपत्र, नेता येणाऱ्या पुस्तकांची संख्या, परत करण्याची मुदत आणि वेळापत्रक एवढ्यापुरती असते. ही माहिती आवश्यक आहे, पण ती ग्रंथ नेण्या-आणण्याची माहिती आहे. ग्रंथालयातील तालिका, वर्गीकरण, संदर्भ-साधने, नियतकालिके, संगणकीय सेवा आणि बसण्याच्या जागा यांपैकी प्रत्येक गोष्ट काय दाखविते आणि काय लपविते, हे कळले म्हणजे ग्रंथालयाचा खरा परिचय झाला. प्रस्तुत लेखात या अंगांचा मराठी भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने क्रमाने विचार केला आहे.

२. तालिका : एका भाषेची अनेक नावे

उदाहरणादाखल एक साधा प्रश्न घ्यावा. १८४० पूर्वी मराठीची कोणकोणती व्याकरणे मुद्रित झाली? विद्यार्थी ग्रंथालयाच्या तालिकेत ‘मराठी व्याकरण’ हे शब्द शोधतो. त्याला दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव बहुधा मिळेल; कारण ते पाठ्यपुस्तकांतून परिचित आहे. परंतु केवळ शीर्षकावरून शोध घेतला, तर दादोबांचा १८३६ सालचा ग्रंथही हुलकावणी देऊ शकतो. त्या ग्रंथाच्या नावात ‘मराठी’ हा शब्द नाही. तेथे ‘महाराष्ट्र भाषा’ आहे. १८२९ साली मुंबईत पंडितांनी सिद्ध केलेल्या कोशाच्या नावातही भाषेचे नाव ‘महाराष्ट्र भाषा’ असेच आहे.

इंग्रजीतील ग्रंथांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. विल्यम केरी यांचे व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावात ‘महरट्टा’ असे रूप आहे. रेव्हरंड स्टीव्हन्सन यांचे व्याकरण १८३३ सालचे. त्यांनी भाषेचे नाव मराठी असेच उच्चारले असेल, पण लिहिताना पहिल्या अक्षरातील ‘अ’ या स्वरासाठी ‘यू’ हे रोमी अक्षर आणि शेवटच्या दीर्घ ‘ई’साठी ‘ई’ हे अक्षर दोनदा वापरले. तत्कालीन इंग्रजी लेखनात ऱ्हस्व ‘अ’ असा लिहिण्याचा प्रघात होता. तालिका शोधणारे यंत्र ध्वनी ओळखत नाही, अक्षरे ओळखते. म्हणून आजचे रूढ रोमी लेखन वापरून शोध घेणाऱ्याला केरी आणि स्टीव्हन्सन हे दोघेही दिसणार नाहीत.

शोध आणखी मागे नेला, तर रोम येथे १७७८ साली छापलेले पोर्तुगीज भाषेतील एक व्याकरण मिळते. त्याच्या नावात भाषेचा उल्लेख ‘मरास्ता’ असा आहे, आणि निजामशाही व आदिलशाही मुलखांत चालणारी भाषा अशी तिची ओळख करून दिलेली आहे. त्याही पूर्वी, १६४० साली, साष्टीतील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे व्याकरण छापले गेले. ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात भाषेचे नाव ‘कानारी’ या अर्थाचे आहे. शीर्षकच पाहणाऱ्याला ते कन्नडचे व्याकरण वाटेल. प्रत्यक्षात ते गोमंतकातील कोकणीचे आहे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे प्रारंभीच्या प्रश्नाच्या उत्तरात त्याचा समावेश करावा की नाही, हे मराठी आणि कोकणी यांच्या संबंधाविषयी अभ्यासक कोणती भूमिका घेतो यावर ठरेल. तथापि ती भूमिका घेण्यासाठी प्रथम तो ग्रंथ समोर आला पाहिजे.

ग्रंथनामाप्रमाणेच ग्रंथकर्त्याचे नावही फसवे असते. हेच स्टीफन्स पोर्तुगीज लेखनात ‘तोमाझ एस्तेव्हांव’ होतात, आणि मराठीत कधी ‘फादर स्टीफन’ तर कधी ‘स्टीफन्स’ असे येतात. त्यांच्या व्याकरणाची दुसरी आवृत्ती कुन्हा रिवारा यांनी १८५७ साली नवे गोवे येथे काढली. त्यामुळे ती संपादकाच्या नावाखालीही नोंदलेली असू शकते. मराठी लेखकांच्या बाबतीत आडनाव आधी की व्यक्तिनाम आधी, टोपणनाव की मूळ नाव, संतकवीला कोणत्या नावाखाली ठेवावयाचे, असे प्रश्न तालिकाकारापुढे नेहमी उभे राहतात. उत्तम तालिकेत अशा ठिकाणी ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ अशा मार्गदर्शक नोंदी असतात. त्या नोंदी म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारे पूल होत. जेथे त्या नाहीत, तेथे ते पूल संशोधकाला स्वतः बांधावे लागतात.

यावरून पहिला नियम निष्पन्न होतो. शोधास प्रारंभ करण्यापूर्वी विषयाच्या नावांची एक यादी करावी: आजचे नाव, जुने नाव, परकीयांनी दिलेले नाव, आणि त्या प्रत्येकाची निरनिराळी लेखनरूपे. तालिकेला ज्या शब्दात प्रश्न विचारला, त्याच शब्दापुरते ती उत्तर देते.

३. वर्गीकरण : फळीवरील शेजार

तालिकेत एका ग्रंथाच्या अनेक नोंदी करता येतात. फळीवर मात्र ग्रंथाची एक प्रत एकाच जागी उभी राहू शकते. ती जागा वर्गांकाने ठरते. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांत चालते. तीत ४०० हा भाषेचा आणि ८०० हा साहित्याचा वर्ग होय. मराठी भाषेचा अंक ४९१.४६ आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. दोहोंच्या शेवटच्या अंकांत साम्य आहे, पण फळीवर या दोन वर्गांमध्ये विज्ञान, तंत्रविद्या आणि कला यांची दालने पसरलेली असतात. ज्ञानेश्वरीच्या भाषेचा अभ्यास पहिल्या ठिकाणी आणि ज्ञानेश्वरीच्या काव्याचा अभ्यास दुसऱ्या ठिकाणी ठेवला जातो. आणि ज्या ग्रंथात दोन्ही आहेत त्याचे काय करावे, हे वर्गीकरणकाराच्या निर्णयावर सोपविलेले असते. रंगनाथन यांच्या १९३३ सालच्या द्विबिंदू पद्धतीत साहित्य आणि भाषाशास्त्र हे वर्ग अनुक्रमे ‘ओ’ आणि ‘पी’ या लगतच्या अक्षरांखाली येतात. त्या पद्धतीने मांडलेल्या ग्रंथालयात हे अंतर पुष्कळच कमी होते.

मराठीच्या अभ्यासकाला लागणारी सामग्री ४९१.४६ या एका अंकाखाली कधीच मावत नाही. मराठी आणि कन्नड यांच्या संपर्काचा विचार करणाऱ्याला ४९४.८ या द्राविड भाषांच्या अंकाकडे जावे लागते. भाषेचा समाजाच्या अंगाने केलेला अभ्यास ३०६.४४ येथे, म्हणजे समाजशास्त्राच्या दालनात असतो. व्यक्तिनामांविषयीचे ग्रंथ ९२९.४ येथे, वंशावळींच्या शेजारी असतात. ओव्या, म्हणी आणि लोककथा, ज्यांत बोलीचे अस्सल नमुने सापडतात, त्या ३९८ या लोकविद्येच्या अंकाखाली असतात. भाषेच्या फळीसमोर एक वर्ष उभे राहूनही यांतील एकही ग्रंथ दृष्टीस पडणार नाही.

वर्गीकरण हे नुसते मांडणीचे तंत्र नाही. त्यात त्या त्या काळातील मतही दडलेले असते. ड्यूई पद्धतीत कोकणीचा अंक मराठीच्या अंकाच्या पोटात येतो. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ साली तिचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. फळीवरील शेजार मात्र जुनाच राहिला.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीत याचे आणखी बोलके उदाहरण आहे. ही पाहणी १९०३ ते १९२८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाली. तिचा सातवा खंड, १९०५ सालचा, मराठीला वाहिलेला आहे. खानदेशातील अहिराणीचा अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी स्वाभाविकच तोच खंड मागवितो. खानदेशीचे वर्णन त्यात नाही. ते नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ल भाषांच्या ग्रंथात आहे. कारण ग्रिअर्सन यांनी तिची गणना त्या गटात केली होती. सातवा खंड परत करून ‘ग्रिअर्सन यांनी अहिराणीची दखल घेतलेली नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी दोन चुका करतो. तो एक असत्य विधान करतो, आणि अहिराणी मराठीची बोली मानावी की नाही या महत्त्वाच्या वादाचा एक आरंभबिंदूच त्याच्या हातून निसटतो. ग्रिअर्सन यांचे वर्गीकरण स्वीकारावयाचे की नाकारावयाचे, हा पुढचा प्रश्न; ते कोठे आहे हे ठाऊक असणे ही त्याची पूर्वअट आहे.

४. संदर्भ-विभाग : कोश आणि सूची

संदर्भ-विभागातील ग्रंथ घरी नेता येत नाहीत, म्हणून अनेक विद्यार्थी त्याला ग्रंथालयाचा निरुपयोगी भाग समजतात. संशोधकाचे पुष्कळसे काम वस्तुतः याच दालनात व्हावयास हवे.

कोश पाहताना तो कोणत्या काळाचा आणि कोणत्या सामग्रीवर आधारलेला आहे, हे आधी पाहिले पाहिजे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली. एखादा शब्द १८५७ च्या आवृत्तीत आहे आणि १८३१ च्या आवृत्तीत नाही, यावरून तो त्या सव्वीस वर्षांत भाषेत आला, असे अनुमान कोणी काढील. परंतु पहिल्या वेळी तो केवळ टिपावयाचा राहिला असणेही तितकेच संभवनीय आहे. दाते, कर्वे आदींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला व १९५० साली त्याची पुरवणी निघाली. तो पाहून पुरवणी न पाहणे ही नेहमीची चूक आहे. यादवकालीन व त्यानंतरच्या जुन्या मराठीसाठी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला कोश उपलब्ध आहे. हे तीन कोश शेजारी शेजारी उघडून पाहणे हे एकेक कोश स्वतंत्रपणे पाहण्याहून अगदी निराळे काम आहे. आणि ते संदर्भ-विभागाच्या टेबलावरच नीट होते.

कोश शब्दांचा ठावठिकाणा सांगतात. ग्रंथांचा ठावठिकाणा सूची सांगतात. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली मराठी ग्रंथसूची हे या बाबतीतील मराठीचे भाग्य म्हटले पाहिजे. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित ग्रंथांचा आहे. ग्रंथालयाची तालिका आणि अशी सूची यांतील फरक मूलभूत आहे. तालिका त्या ग्रंथालयात काय आहे ते सांगते. सूची त्या भाषेत काय छापले गेले ते सांगते. तालिकेत नसलेला ग्रंथ सूचीत असेल, तर तो अस्तित्वात आहे, फक्त दुसरीकडे आहे. अर्थात सूचीलाही सीमा असतात. वर्षांची सीमा तिच्या मुखपृष्ठावरच छापलेली असते, पण रोमी लिपीतील मराठी, हस्तलिखिते, नियतकालिकांतील लेख, अशा इतर सीमा प्रस्तावनेत शोधाव्या लागतात. प्रस्तावना न वाचता सूची वापरणे म्हणजे प्रमाण न पाहता नकाशावरील अंतर मोजण्यासारखे आहे.

ग्रंथ अस्तित्वात आहे पण विद्यापीठात नाही, असे ठरल्यावर पुढचा मार्ग कोणता? १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यान्वये भारतातील प्रकाशित ग्रंथाच्या प्रती ज्या ग्रंथालयांकडे जावयास हव्यात त्यांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय यांचा समावेश आहे. त्यापूर्वी १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रांतोप्रांती छापल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या होत्या. एकोणिसाव्या शतकातील लहानसहान पुस्तिकांचा माग लावण्यास त्या फार उपयोगी पडतात. पुण्यातील विद्यार्थ्याला तर काही साधने जवळच आहेत. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाखेरीज डेक्कन कॉलेज, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था ही त्याच शहरात आहेत. मुंबई सरकारने जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह पूर्वी डेक्कन कॉलेजात होता, तो १९१८ साली भांडारकर संस्थेकडे आला. जुन्या लेखनात ‘डेक्कन कॉलेज संग्रह’ म्हणून उल्लेखिलेली पोथी आज कोठे पाहावयाची, हे यावरून उमगते. दूरच्या ग्रंथालयांतील ग्रंथ वा लेखाची प्रत आंतरग्रंथालयीन देवघेवीने मागविता येते. या सेवेचा अर्ज भरण्याचा कंटाळा हे अनेक ‘उपलब्ध नाही’ अशा शेऱ्यांचे खरे कारण असते.

५. नियतकालिके आणि प्रबंध

मराठीतील भाषाविचार ग्रंथांत जितका आहे, त्याहून अधिक नियतकालिकांत विखुरलेला आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ पासून १९३७ पर्यंत चालले. १९१३ साली सुरू झालेली ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, १९४७ साली सुरू झालेले ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचे १९८३ पासूनचे ‘भाषा आणि जीवन’, यांच्या जुन्या अंकांत व्याकरण, व्युत्पत्ती, शुद्धलेखन आणि बोली यांविषयीचे लेख आहेत. वि. का. राजवाडे यांच्या लेखनाचा मोठा भाग प्रथम नियतकालिकांतूनच प्रसिद्ध झाला. ग्रंथालयाच्या तालिकेत नियतकालिकाचे नाव आणि उपलब्ध वर्षे एवढीच नोंद असते. आतील लेखांची नसते. म्हणून लेखसूची, वार्षिक अनुक्रमणिका, आणि त्याही नसतील तेथे एकेक अंक उघडून पाहणे, एवढाच मार्ग उरतो. नियतकालिक-विभागातील बांधीव खंडांवर बसलेली धूळ ही पुष्कळदा पूर्वसूरींच्या विस्मरणाची खूण असते.

आपल्या आधी झालेल्या प्रबंधांचा शोधही असाच दोन टप्प्यांत घ्यावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक झाले, आणि ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील प्रबंध एकत्र होऊ लागले. परंतु त्यापूर्वीच्या प्रबंधांपैकी पुष्कळ केवळ टंकलिखित प्रतींच्या रूपाने त्या त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. शोधगंगेत नाही म्हणून प्रबंध झालाच नाही, असे समजता येत नाही.

६. संगणकीय शोधाची मर्यादा

आज विद्यार्थ्याचा पहिला शोध संगणकावर होतो आणि पुष्कळदा शेवटचाही तोच असतो. या साधनांनी केलेले उपकार नाकारण्याचे कारण नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय ग्रंथालयात मोल्सवर्थ, महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे तिन्ही कोश घरबसल्या शोधता येतात. २०२५ पासून अमलात आलेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली आहेत. पूर्वी एखाद्या लेखासाठी परगावी पत्रे लिहावी लागत. तो लेख आज काही क्षणांत मिळतो.

परंतु याच विपुलतेत एक धोका आहे. हे प्रकाशक प्रायः आंतरराष्ट्रीय आहेत आणि त्यांची नियतकालिके प्रायः इंग्रजी आहेत. मराठीतील नियतकालिकांचे जुने खंड तेथे नाहीत. तेरा हजार नियतकालिकांत शोध घेऊन काही मिळाले नाही, म्हणजे शोध पूर्ण झाला, असा विश्वास वाटू लागतो. आणि ज्या भाषेविषयी संशोधन चालले आहे, त्याच भाषेत झालेले काम नजरेआड राहते. मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकांवर त्यामुळे अन्याय होतो. त्यांचे निष्कर्ष कोणी खोडून काढलेले नसतात. ते झालेच नाहीत, असे धरून पुढची इमारत उभी राहते.

देवनागरी शोधाच्या स्वतःच्याही काही अडचणी आहेत. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी छापलेल्या ग्रंथांच्या नावांत अनुच्चारित अनुस्वार येतात. राजवाडे यांच्या १९०९ सालच्या व्याकरणग्रंथाच्या नावात ‘ज्ञानेश्वरींतील’ असे अनुस्वारयुक्त रूप आहे. तालिकाकाराने ते जसेच्या तसे टंकलिखित केले असेल, तर अनुस्वाराविना शोधणाऱ्याला ते कदाचित मिळणार नाही. ‘कोकण’ आणि ‘कोंकण’, ‘भाषाशास्त्र’ आणि ‘भाषाविज्ञान’ या जोड्यांचीही तीच गोष्ट. ‘वऱ्हाडी’ या शब्दाचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. त्यातील आडवा रफार संगणकात एकाहून अधिक प्रकारे नोंदता येतो. पडद्यावर ती रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती भिन्न असू शकतात. अशा वेळी वऱ्हाडी बोलीवरील ग्रंथ तालिकेत असूनही ‘एकही नोंद नाही’ असे उत्तर येते. म्हणून शंकास्पद अक्षर टाळून शब्दाच्या उर्वरित भागाने, लेखकाच्या नावाने, अथवा वर्गांकाने शोध पुन्हा घ्यावा. ग्रंथालयात जुनी तालिकापत्रे जपून ठेवली असतील, तर तीही पाहावीत. देणगीदाखल आलेल्या खाजगी संग्रहांतील सर्वच ग्रंथ संगणकावर चढले आहेत, असे गृहीत धरता येत नाही.

७. अभ्यासाची जागा

ग्रंथालयात कोठे बसावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई विद्यापीठासाठी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून जी ग्रंथालयाची वास्तू उभी राहिली, आणि राजाबाई मनोऱ्यासह १८७८ साली पूर्ण झाली, तिचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्यासारख्या नामवंत वास्तुविशारदाने केला होता. वाचनासाठी उंच, भरपूर उजेडाची जागा हवी, ही जाणीव विद्यापीठाच्या कल्पनेइतकीच जुनी आहे.

आजच्या विद्यापीठ-ग्रंथालयात बसण्याच्या जागा अनेक प्रकारच्या असतात आणि त्यांची कामे निराळी असतात. सार्वजनिक अभ्यासिका ही स्वतःची पुस्तके घेऊन परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी असते. तेथे शांतता असते, पण हाताशी साधने नसतात. संशोधकाची जागा साधनांच्या जवळ असावी. शब्दांचा मागोवा घेणाऱ्याने संदर्भ-विभागात, पूर्वकार्याचा आढावा घेणाऱ्याने नियतकालिक-विभागात, आणि प्रबंधाचे लेखन करणाऱ्याने, मिळत असल्यास, स्वतंत्र अभ्यासकक्षात बसावे. कोश उठून आणावा लागला तर दहापैकी सात शब्द पाहिले जातात. तो हाताशी असेल तर दहाही पाहिले जातात. संशोधनाची काटेकोरता कधी कधी अशा चार पावलांच्या अंतरावर अवलंबून असते.

ज्या ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धती आहे, तेथे वाचकाला स्वतः फळ्यांपर्यंत जाता येते. ही सवलत मोठी आहे, कारण शोधलेल्या ग्रंथाच्या शेजारी न शोधलेला ग्रंथ भेटतो. पण तिच्याबरोबर एक जबाबदारी येते. काढलेला ग्रंथ स्वतः परत लावू नये. त्यासाठी ठेवलेल्या टेबलावर ठेवावा. ४९१.४६ चा ग्रंथ चुकून ८९१.४६ मध्ये ठेवला गेला, तर तालिकेत तो आहे, इमारतीत तो आहे, पण वाचकाच्या लेखी तो हरवला. अशा एका निष्काळजी हालचालीने पुढच्या एखाद्या संशोधकाच्या प्रबंधात एक खोटा नकार निर्माण होऊ शकतो. जेथे बंदिस्त पद्धती आहे, तेथे मागणीपत्रावर बोधांक अचूक लिहिणे हाच खबरदारीचा उपाय होय. आणि ‘जागेवर नाही’ असे उत्तर आल्यास ग्रंथ देवघेवीत आहे, बांधणीला गेला आहे, की खरोखरच गहाळ आहे, हे विचारून घ्यावे. तीन उत्तरांचे अर्थ तीन आहेत.

८. ग्रंथपाल आणि शोधाची नोंद

वरील सर्व साधनांना जोडणारा दुवा म्हणजे ग्रंथपाल, आणि विशेषतः संदर्भ-विभागातील सेवक. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील शेवटच्या सूत्रात ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था मानली आहे. सजीव वस्तूचा इतिहास तिच्याबरोबर राहणाऱ्यालाच ठाऊक असतो. कोणता संग्रह केव्हा आला, कोणत्या नियतकालिकाचे कोणते खंड अपुरे आहेत, जुन्या तालिकेत विषयशीर्षके कोणत्या शब्दांत दिली होती, हे ज्ञान कोणत्याही यंत्रात पूर्णतः उतरलेले नसते. विद्यार्थी मात्र ग्रंथपालाकडे अमुक पुस्तक आहे का, एवढेच विचारतो. त्याऐवजी आपला प्रश्न काय आहे, हे त्याने सांगावे. ‘केरी यांचे व्याकरण आहे का?’ या प्रश्नाला होय किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. ‘१८४० पूर्वीची मराठीची मुद्रित व्याकरणे हवी आहेत’ असे म्हटले तर शोधाचा आराखडा मिळू शकतो.

या सर्व खटाटोपाची एक नोंद असणे आवश्यक आहे. कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या तालिकेत, कोणत्या शब्दांनी, कोणत्या वर्षांपर्यंत आणि कोणत्या दिवशी शोध घेतला, हे संशोधकाने वहीत लिहून ठेवावे. शोध निष्फळ ठरला तरी ही नोंद निष्फळ नसते. कारण तोच शोध पुन्हा घेण्याचे श्रम तीमुळे वाचतात, आणि कोणत्या जागा अद्याप पाहावयाच्या आहेत तेही तीवरून कळते. प्रबंध तपासणाऱ्या मार्गदर्शकानेही पहिल्या प्रकरणातील त्या परिचित वाक्यापाशी थांबून ही नोंद मागावयास हरकत नाही.

अशी नोंद हाताशी असली म्हणजे ते वाक्य आपोआप बदलते. ‘प्रस्तुत विषयाचा आजवर कोणीही अभ्यास केलेला नाही’ याऐवजी ‘अमुक सूची, अमुक नियतकालिकांचे अमुक वर्षांपर्यंतचे खंड आणि अमुक दोन ग्रंथालयांतील प्रबंध तपासले असता या विषयावरील स्वतंत्र अभ्यास आढळला नाही’ असे ते होते. हे वाक्य पहिल्याहून लांब आणि कमी दिमाखदार आहे; पण उद्या एखाद्या अपाहिल्या खंडात असा अभ्यास निघाला, तरी ते खोटे ठरत नाही. तो खंड कोठे शोधावयाचा होता, हे सांगण्याचे काम तेच वाक्य पुढील अभ्यासकासाठी करीत असते.